मानवी श्वासमार्गाचे ऊतक प्रयोगशाळेत वाढवून श्वसनविषाणूंचा अभ्यास कसा करावा

श्वसनविषाणूंवर संशोधन करायला आमच्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो, की ऊतकाला विषाणू कधी लावायचा. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, हे उत्तर ऐकून त्याचा चेहरा पडतो. परंतु या प्रयोगाचे खरेखोटे विषाणू लावण्याच्या दिवशी ठरत नाही, ते त्याआधीच्या दीड-दोन महिन्यांत ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात विषाणूपेक्षा ऊतकाविषयी अधिक लिहिले आहे, आणि गोव्याच्या हवेत, पावसात व सणावारांत हे काम पार पाडताना ज्या गोष्टी आम्हाला अनुभवाने शिकाव्या लागल्या, त्याही सांगितल्या आहेत.

हा खटाटोप कशासाठी

विषाणूशास्त्राचे पुष्कळसे काम आजही वेरो पेशींवर होते. या पेशी १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार करण्यात आल्या. त्या भराभर वाढतात, त्या स्वतः टाइप १ इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला रोखणारे प्रथिन, तयार करत नाहीत आणि त्यामुळे बहुतेक विषाणूंना त्या आनंदाने आश्रय देतात. विषाणूचा साठा वाढवायला त्यांच्यासारखे साधन नाही. मात्र माणसाच्या नाकात किंवा श्वासनलिकेत काय घडते, हा प्रश्न त्यांना विचारला तर उत्तर चुकू शकते, आणि २०२० साली ते किती महागात पडते हे सगळ्यांनी पाहिले.

मलेरियावरच्या क्लोरोक्विनने वेरो पेशींमध्ये कोविडच्या विषाणूला रोखले होते. वेरो पेशीत हा विषाणू आधी एका पिशवीत ओढला जातो आणि ती पिशवी आम्लधर्मी झाल्यावरच आत सुटतो. क्लोरोक्विन त्या पिशवीची आम्लता कमी करते, म्हणून तिथे विषाणू अडकतो. माणसाच्या श्वासमार्गातील पेशींच्या पृष्ठभागावर मात्र टीएमपीआरएसएस२ नावाचे विकर असते. ते विषाणूच्या काट्याला बाहेरच कापते आणि विषाणू पिशवीची वाट न पाहता थेट आत शिरतो. साहजिकच माणसाच्या फुप्फुसातील पेशींवर आणि वाढवलेल्या श्वासमार्गाच्या ऊतकावर जेव्हा हेच औषध तपासले गेले, तेव्हा त्याचा उपयोग दिसला नाही. जंतांवरच्या आयव्हरमेक्टिन या औषधाची गोष्टही याच वळणाची आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियात झालेला त्याचा गाजलेला प्रयोग वेरो पेशींवरचा होता आणि त्यात वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसने पोहोचणाऱ्या पातळीच्या कितीतरी वर होती. मे २०२१ मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरील सर्वांना हे औषध देण्याची घोषणा झाली तेव्हा आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनीही आम्हालाच विचारले होते, घ्यावे की न घ्यावे. त्या दिवसांत योग्य पेशींवरच्या प्रयोगाचे मोल मला जितके कळले तितके पुस्तकांतून कधी कळले नव्हते.

काही विषाणू तर योग्य ऊतकाशिवाय वाढतच नाहीत. एचकेयू१ हा सर्दीचा कोरोनाविषाणू २००५ साली जगापुढे आला, पण प्रयोगशाळेत तो वाढला २०१० मध्ये, आणि तोही सिलिया, म्हणजे पेशींवरचे हलणारे सूक्ष्म केस, असलेल्या मानवी श्वासमार्गाच्या ऊतकावरच. लहान मुलांत दमा उफाळून आणणारा ऱ्हायनोविषाणू सी हाही नेहमीच्या पेशींना दाद देत नाही. त्याला लागणारे सीडीएचआर३ हे ग्राही प्रथिन (विषाणू ज्याला धरून पेशीत शिरतो ते) श्वासमार्गातल्या सिलियाधारी पेशींवर असते आणि ते २०१५ साली ओळखले गेले.

परवानग्या आणि दाता

काम मानवी नमुन्यावर आहे, म्हणून संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हाती आल्याशिवाय एकाही दात्याला भेटू नये. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आधी पूर्ण वाचावीत. विषाणूच्या कामासाठी जैवसुरक्षा समितीकडे वेगळा अर्ज लागतो. सुरुवात ऱ्हायनोविषाणू किंवा आरएसव्हीने (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरसने) करावी, कारण दोन्ही जोखीमगट २ मध्ये मोडतात आणि जैवसुरक्षा स्तर २ च्या खोलीत हाताळता येतात. कोविडचा जिवंत विषाणू वाढवायचा असेल तर स्तर ३ ची सोय लागते. ती नसताना तो विचारही मनात आणू नये.

संमतिपत्र मराठी आणि कोंकणी दोन्हींत असावे आणि ते दात्याच्या हाती नुसते न देता त्याला वाचून दाखवावे. सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका आजीने सही करण्याआधी माझा हात धरून विचारले होते, "बाय, माझं नाव कुठं लिहिणार काय तुम्ही?" मी म्हटले, "नाही आजी, बाटलीवर फक्त आकडा असेल, आणि तुम्हाला कधी नको वाटलं तर आम्ही त्या पेशी नष्ट करू." मग त्यांनी पुढे विचारले की त्या पेशी किती दिवस जगतील. हा प्रश्न संमतिपत्रात असायलाच हवा होता आणि नव्हता. पुढच्या आवृत्तीत आम्ही त्याचे उत्तर घातले: गोठवलेल्या पेशी काही वर्षे राहू शकतात.

श्वासनलिकेच्या पेशी ब्रॉन्कोस्कोपीच्या वेळी मिळतात, विकतही मिळतात, परंतु शिकण्यासाठी नाकाच्या पेशी सर्वांत सोयीच्या. कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातील खालच्या टर्बिनेटवरून, म्हणजे आतल्या बाजूच्या उंचवट्यावरून, मऊ ब्रश हलकेच फिरवतात. डोळ्यांत पाणी येते, क्वचित शिंक येते, बाकी त्रास होत नाही. ब्रश लगेच प्रतिजैवके आणि बुरशीनाशक मिसळलेल्या थंड मीडियमच्या (पेशींच्या पोषक द्रवाच्या) नळीत बुडवावा आणि बर्फात ठेवून काही तासांच्या आत प्रयोगशाळेत आणावा. दात्याचे वय, धूम्रपान, दमा आणि गेल्या महिन्यातील सर्दी यांची नोंद त्याच वेळी करावी, कारण पुढे निकाल विचित्र आले तर कारण बहुधा याच चार रकान्यांत सापडते.

खोलीची तयारी, विशेषतः पावसाळ्यात

पाठ्यपुस्तकात या भागाला दोन ओळी मिळतात. गोव्यात मात्र जून ते सप्टेंबर या काळात सगळे यश याच भागावर अवलंबून असते. ऊतकाला हूडमधून (निर्जंतुक हवेच्या कपाटातून) इन्क्युबेटरमध्ये (पेशी वाढवण्याच्या उबदार पेटीत) आणि परत असा महिनाभर प्रवास करायचा असतो, त्यामुळे बुरशीला आत शिरायला नेहमीच्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त संधी मिळते. पेशींच्या खोलीत पुठ्ठ्याचा एकही खोका आणू नये. सामान बाहेरच खोक्यातून काढावे, अल्कोहोलने पुसावे आणि मगच आत न्यावे. इन्क्युबेटरच्या तळातील पाण्याची थाळी दर आठवड्याला निर्जंतुक पाण्याने बदलावी. वातानुकूलन यंत्राची जाळी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी स्वच्छ करावी.

मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे एका ऑगस्टमध्ये बाविसाव्या दिवशी एका इन्सर्टच्या (ऊतक ज्यात वाढते त्या लहान वाटीच्या) कडेला राखाडी धागा दिसला. तो एकच इन्सर्ट काढून टाकावा आणि बाकीचे वाचवावेत, असा मोह मला झाला आणि मी तसे केले. तीन दिवसांत सर्व चोवीस इन्सर्ट गेले. थाळीचे पाणी सणाच्या सुट्टीत बदलायचे राहून गेले होते, आणि ती पाळी माझीच होती. त्यानंतर माझा नियम असा आहे, की एका प्लेटमध्ये बुरशी दिसली तर ती संपूर्ण प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जाते आणि इन्क्युबेटर रिकामा करून निर्जंतुक केला जातो.

वीज जाणे गृहीत धरावे. इन्क्युबेटर यूपीएसवर आणि यूपीएस जनरेटरवर असावा, कार्बन डायऑक्साइडचे दोन सिलिंडर आपोआप बदलणाऱ्या झडपेला जोडलेले असावेत. आणि कॅलेंडर घेऊन बसावे: ऊतकाला दर दोन दिवसांनी मीडियम लागते, त्याला चवथ कळत नाही, शिगमाही कळत नाही. पेशी इन्सर्टवर घालण्याची तारीख अशी निवडावी, की अठ्ठावीस दिवसांत मोठा सण येणार नाही. आलाच तर कोणत्या दिवशी कोण येणार हे आधीच कागदावर लिहून भिंतीला लावावे.

पेशी वाढवणे

ब्रशवरील पेशी झटकून कोलॅजनचा लेप दिलेल्या टी-२५ फ्लास्कमध्ये, वाढीसाठीच्या खास मीडियममध्ये, ३७ अंश सेल्सियस व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर ठेवाव्यात. पहिले दोन-तीन दिवस फक्त मृत पेशी आणि कचरा दिसतो, घाबरू नये. सिलियाधारी पेशी विभागत नाहीत, त्या मरून जातात. टिकतात आणि वाढतात त्या तळपेशी, म्हणजे श्वासमार्गाच्या पायथ्याशी बसलेल्या मूळपेशी, आणि पुढचे सारे ऊतक त्यांच्यापासूनच उभे राहणार असते. त्यांची गोलसर, फरसबंदीसारखी बेटे चौथ्या-पाचव्या दिवशी दिसू लागतात.

फ्लास्क सत्तर ते ऐंशी टक्के भरला की पेशी उचलाव्यात. पूर्ण भरू दिला तर त्या तिथेच परिपक्व होऊ लागतात आणि नंतर इन्सर्टवर नीट रुजत नाहीत. पेशी सोडवणारे ट्रिप्सिन सौम्य असावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहून पेशी गोल होताच ते थांबवावे. पहिल्या पॅसेजच्या (पेशी उचलून नव्या भांड्यात वाढवण्याच्या एका फेरीला पॅसेज म्हणतात) काही कुप्या दहा टक्के डीएमएसओ या गोठणरक्षक रसायनात गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्यात, आणि इन्सर्टसाठी दुसऱ्या, फार तर तिसऱ्या पॅसेजच्या पेशी वापराव्यात. पॅसेज वाढत गेला की सिलिया कमी होत जातात. मोफत मिळाल्या म्हणून सहाव्या पॅसेजच्या पेशींवर प्रयोग करणारे मी पाहिले आहेत. त्यांना सपाट, टक्कल पडल्यासारखे ऊतक मिळाले.

इन्सर्ट आणि हवेची भेट

इन्सर्ट म्हणजे प्लास्टिकची एक लहान वाटी. तिच्या तळाला ०.४ मायक्रॉन छिद्रांचा पारदर्शक पडदा असतो आणि ती मोठ्या खळग्यात टांगलेली असते. पेशी पडद्याच्या वर बसतात आणि अन्न खालून घेतात. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या इन्सर्टचे क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंटिमीटर असते. पडद्याला कोलॅजनचा लेप द्यावा, प्रति चौरस सेंटिमीटर एक ते अडीच लाख पेशी घालाव्यात, वर २०० आणि खाली ५०० मायक्रोलिटर मीडियम ठेवावे. प्लेट हूडमध्ये पंधरा मिनिटे स्थिर ठेवून मगच इन्क्युबेटरमध्ये न्यावी, नाहीतर पेशी एका कडेला गोळा होतात.

दोन ते चार दिवसांत पेशी पडदा पूर्ण झाकतात. सगळीकडे नीट पाहावे, विशेषतः कडांना, आणि एकही फट दिसली तर आणखी एक दिवस थांबावे. मग वरचे मीडियम काढून टाकावे आणि खाली परिपक्वतेसाठीचे मीडियम द्यावे. यालाच एअरलिफ्ट म्हणतात, आणि दिवसांची मोजणी इथून सुरू होते. पेशीला प्रथमच वरून हवा आणि खालून अन्न मिळते, जसे ते माणसाच्या नाकात मिळते.

परिपक्वतेच्या मीडियममध्ये रेटिनॉइक आम्ल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचे एक रूप, अत्यावश्यक असते. ते नसेल तर पेशी त्वचेसारख्या चपट्या होतात. हे आम्ल प्रकाशाने खराब होते, म्हणून बाटली फॉइलमध्ये गुंडाळावी. त्याच मीडियममध्ये हायड्रोकॉर्टिसोन असते आणि ते स्टिरॉइड आहे, हे विसरू नये. ऊतकाच्या दाहप्रतिसादावर त्याचा परिणाम होतो. दाह मोजायचा असेल तर त्याची मात्रा सर्व गटांत एकसारखी ठेवावी आणि ती शोधनिबंधात लिहावी.

खालचे मीडियम दर दोन दिवसांनी बदलावे. वर काही घालू नये. पहिल्या आठवड्यात काही घडत नाही असे वाटते. दुसऱ्या आठवड्यात पृष्ठभाग ओलसर चमकू लागतो आणि पिपेटचे टोक लावले तर बारीक तार निघते. हा श्लेष्मा. तो आठवड्यातून एकदा कोमट बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारद्रावणाने) धुवावा: वर २०० मायक्रोलिटर घालावे, वीस मिनिटे इन्क्युबेटरमध्ये ठेवावे आणि पिपेट भिंतीला टेकवून हळूच ओढून घ्यावे. पिपेटचे टोक पडद्याला लागले तर तिथे खड्डा पडतो आणि तो भरून येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी सकाळी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की एका कोपऱ्यात प्रकाश थरथरताना दिसतो. नजर स्थिरावली की कळते, की ही थरथर एका दिशेने चालली आहे. खाजनातल्या उभ्या भातावरून वारा जातो तेव्हा पाती एकापाठोपाठ वाकतात, अगदी तशी. काही दिवसांनी श्लेष्मातले कण गोल वाटीत चक्राकार फिरू लागतात, कारण सिलिया त्यांना ढकलतात आणि त्यांना बाहेर जायला वाट नसते. हे मी शेकडो वेळा पाहिले आहे आणि अजूनही प्रत्येक वेळी शेजारच्या विद्यार्थ्याला हाक मारून दाखवते.

ऊतक तयार आहे का, हे तपासणे

नजरेला थरथर दिसली म्हणून विषाणू लावू नये. अठ्ठावीस दिवसांच्या आसपास प्रत्येक इन्सर्टची तीन अंगांनी परीक्षा घ्यावी.

पहिली विद्युतरोधाची. पेशींमधील सांधे घट्ट असतील तर ऊतकातून विद्युतप्रवाह सहज जात नाही. वर बफर घालून दोन पायांचा इलेक्ट्रोड उभा धरावा, लांब पाय बाहेरच्या खळग्यात आणि आखूड पाय आत. समजा वाचन १,७५० ओहम आले आणि पेशी नसलेल्या रिकाम्या इन्सर्टचे १५० आले, तर फरक १,६०० ओहम. त्याला ०.३३ ने गुणले की ५२८ ओहम-चौरस सेंटिमीटर. अनेक जण गुणाकार करायचे विसरतात किंवा चक्क भागतात. आमच्याकडे ३०० च्या खालचा इन्सर्ट प्रयोगात घेतला जात नाही. प्लेट थंड होत जाईल तसे वाचन वाढते, म्हणून सर्व इन्सर्ट एकाच तापमानाला आणि एकाच क्रमाने मोजावेत.

दुसरी परीक्षा सिलियांच्या गतीची. सेकंदाला किमान शंभर चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने काही सेकंदांचे चित्रण घ्यावे. निरोगी सिलिया सेकंदाला साधारण दहा वेळा आघात करतात आणि तापमान उतरले की मंदावतात, म्हणून तापवलेल्या मंचावरच मोजावे. तिसऱ्या परीक्षेसाठी प्रत्येक दात्याच्या तुकडीतून एक इन्सर्ट खर्ची घालावा आणि प्रतिपिंडांनी रंगवावा: सिलियांसाठी असिटिलेटेड ट्युब्युलिन, श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींसाठी म्युसिन ५एसी, तळपेशींसाठी पी६३, सांध्यांसाठी झेडओ-१. चारही दिसले आणि उभ्या छेदात थरांची रचना दिसली, की ऊतक तयार.

विषाणू लावणे

आदल्या दिवशी श्लेष्मा धुवावा, आणि सर्व इन्सर्ट एकाच वेळी धुवावेत. एका जादा इन्सर्टवरील पेशी सोडवून मोजाव्यात, कारण प्रति पेशी किती विषाणू दिला हे त्यावरच ठरते. पेरताना किती पेशी होत्या हा आकडा चार आठवड्यांनंतर निरुपयोगी असतो. विषाणूही वरूनच लावावा, जसा तो माणसाला लागतो. आरएसव्हीसाठी ३७ अंश चालतात. ऱ्हायनोविषाणूसाठी ३३ ते ३४ अंश ठेवावेत, कारण नाक शरीरापेक्षा थंड असते आणि तो त्या थंडाव्याला सरावलेला आहे. दोन तासांनी द्रव काढून तीन वेळा धुवावे आणि तिसरे धुवण जपून ठेवावे. त्यात जो विषाणू उरला असेल तोच तुमचा शून्य तास.

सोबत दोन नियंत्रणगट हवेतच: एकाला फक्त द्रव, दुसऱ्याला अतिनील किरणांनी निष्क्रिय केलेला तोच विषाणू. दुसरा गट नसेल तर दिसलेला प्रतिसाद वाढणाऱ्या विषाणूचा आहे की साठ्यातल्या कचऱ्याचा, हे सांगता येत नाही. पुढे २४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी वरचे धुवण आणि खालचे मीडियम दोन्ही वेगवेगळ्या नळ्यांत घ्यावे. आरएसव्ही नाजूक असतो, त्याच्या नळ्या लगेच झटपट गोठवाव्यात आणि पुन्हा पुन्हा वितळवू नयेत. वापरलेले टिप, प्लेट, हातमोजे हे सारे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे आधी ऑटोक्लेव्ह आणि मग ठरलेल्या रंगाच्या पिशवीत.

निकाल वाचताना

पीसीआर विषाणूची जनुके मोजतो, जिवंत विषाणू नव्हे. म्हणून त्याच्या जोडीला प्लाक (जिवंत विषाणूने पेशींच्या थरात पाडलेली भोके मोजणारी) किंवा तत्सम चाचणी करावी. खालच्या मीडियममध्ये विषाणू सापडला तर आधी विद्युतरोध पुन्हा पाहावा, कारण पेशींचा थर गळका असण्याची शक्यता जास्त असते.

ऊतक आणि साध्या पेशी यांच्यातला फरक इथे सर्वांत ठळक दिसतो. आरएसव्हीच्या नावातच सिन्सिशियल शब्द आहे, कारण साध्या पेशींत तो शेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवून मोठे गोळे करतो. परिपक्व ऊतकात तो सिलियाधारी पेशींनाच लागतो, वरच्या बाजूलाच बाहेर पडतो आणि असे गोळे जवळपास दिसत नाहीत. विद्यार्थी ते शोधत बसतात आणि संसर्ग झालाच नाही असा निष्कर्ष काढतात. तेव्हा विषाणूच्या प्रथिनासाठी रंगवून पाहावे. सिलियांमध्ये विखुरलेल्या एकेकट्या चमकत्या पेशी दिसतील. इंटरफेरॉन मोजायचे असेल तर लॅम्डा प्रकार नक्की घ्यावा. श्वासमार्गाचे अस्तर बचावासाठी प्रामुख्याने तोच सोडते.

आणि संख्येविषयी ठाम सांगायचे, तर एका दात्याचे बारा इन्सर्ट म्हणजे बारा माणसे नव्हेत. ती एकाच माणसाची बारा मोजमापे आहेत. किमान तीन, शक्यतो पाच-सहा दाते घ्यावेत आणि आलेखावर प्रत्येक दाता वेगळ्या चिन्हाने दाखवावा. एका दात्याचे ऊतक दुसऱ्याच्या कितीतरी पट विषाणू तयार करते, हा प्रयोगातला दोष नाही. घरातल्या एकाला सर्दी होते आणि दुसरा त्याच्याशेजारी झोपूनही धडधाकट राहतो, त्याच भिन्नतेचा तो भाग असू शकतो आणि तो तपासण्याजोगा आहे. या ऊतकात रक्तप्रवाह नाही, संरक्षक पेशी नाहीत, मज्जातंतू नाहीत, त्यामुळे ताप, न्यूमोनिया किंवा प्रतिकारशक्तीची स्मृती यांविषयी त्यातून काही ठरवू नये.

शेवटचे नमुने घेतल्यावर इन्सर्ट चार टक्के पॅराफॉर्मॅल्डिहाइडमध्ये स्थिर करावेत. रंगवून झाल्यावर धारदार पात्याने पडदा कडेने गोल कापावा आणि चिमट्याने केवळ कडेला धरून काचपट्टीवर ठेवावा. पडदा पारदर्शक असतो आणि तो उलटा पडला तर डोळ्यांना कळत नाही, म्हणून कापण्याआधी त्याच्या कडेला एका बाजूने लहानशी खाच द्यावी आणि ती खाच कोणत्या हाताला असताना पेशी वर आहेत, हे वहीत त्याच क्षणी लिहून ठेवावे.